निळ्याच्या खाली

कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणारी पुतळाबाई उठली, पदर सावरला आणि भररस्त्यात वाकून तिने वृंदाच्या पायांना हात लावला. वृंदा दुधीला नख लावून बघत होती. दुधी तसाच हातात राहिला. पुतळाबाई वयाने तिच्या आईएवढी, आणि शिरगावात ही इमारत उभी राहिल्यापासून रोज कोथिंबिरीच्या दोन काड्यांवरून तिच्याशी हुज्जत घालणारी. "बाय, काल आई आयली ना तुमचे आंगान? सगले सांगतान," ती म्हणाली आणि हात जोडून उभी राहिली. कालपर्यंत याच हातांनी तिने किडकं वांगं चांगल्या वांग्यांच्या खाली सारलं असतं. "माझे नातवावर जरा नदर ठेवा." वृंदाने पाय मागे घेतले, तर घोटा खडीवर मुरगळला. काहीतरी बोलायला हवं होतं. नाही हो, तसलं काही नव्हतं, एवढं तरी. पण घशाशी आलं ते शब्द नव्हते. राग होता तो, गरम, तोंडात लोखंडाची चव आणणारा, आणि पुतळाबाईवरचा तर मुळीच नव्हता. दुधी टोपलीत टाकून ती वळली. मागून पुतळाबाई शेजारच्या मासळीवालीला म्हणाली ते तिने ऐकलं, "बग, डोले कसे जाले. आजून उतरली नाय."

वृंदाला राग येतो हे कोणाला ठाऊक नव्हतं. तिलाही फारसं नव्हतं. माहेरी अंबरनाथला राग हे पुरुषांचं खातं आणि पाणी तापवणं हे बायकांचं, अशी चोख वाटणी होती. सासरीही तीच चालू राहिली. नवरा शशिकांत फॅक्टरीत तपासणी खात्यात. तयार मालातली खोट काढणं हा त्याचा दिवसभराचा उद्योग, आणि घरी आल्यावर काही तो डोळा मिटत नसे. वरणातला खडा, पडद्याची तिरकी दुमड, लेक मीनल लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा निरोपाच्या फोटोत वृंदाची सुटलेली वेणी, सगळं त्याला आधी दिसायचं. साखर मात्र त्याला आधी झाली. फॅक्टरीच्या दवाखान्यातून एक छोटी पांढरी गोळी मिळाली, ती त्याने निमूट घ्यायला सुरुवात केली, आणि मग कुठूनसं ते सामान घरात आलं: काचेची नळी, लाकडी चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या द्रावणाची बाटली. रोज सकाळी बाथरूमच्या खिडकीत त्याचा कारखाना लागे. निळ्या पाण्यात लघवीचे थेंब मोजून टाकायचे आणि उकळायचे. निळं निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी झालं तर मग देवाचं नाव घ्या. "वृंदा, निळी!" असा आवाज यायचा, पोराचा वर्गात पहिला नंबर आल्यासारखा. तिने पोळी तव्यावर टाकून बघायला जायचं आणि "वा" म्हणायचं. ही वार्ता जिन्याजिन्याने पसरली. सकाळी दारात बाटल्या यायला लागल्या, खोकल्याच्या औषधाच्या, अत्तराच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या नीलिमाने एकदा लोणच्याची बरणीच धाडली. शशिकांत प्रत्येकाची नळी उजेडात धरून न्यायाधीशासारखा निकाल द्यायचा, वर सल्लाही. नळ्या धुवायचं काम वृंदाचं.

आणि एके दिवशी गंमत म्हणून त्याने तिचीही तपासली. विटकरी. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, खोटं कशाला बोला, पण काळजीच्या पाठीमागे दुसरंही काही होतं. खोट सापडल्याचं समाधान. फॅक्टरीच्या दवाखान्यात तिला न्यायला तो तयार नव्हता, तिथे सगळे ओळखीचे, "जोडीने गोड झालात काय" म्हणून हसतील. म्हणून उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात, डॉक्टर लालवानींकडे. तिथे खाली जीन्स शिवायची मशीनं धडधडत असतात आणि वर दवाखान्याची जमीन पायाखाली थरथरते. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून तिला एक मोठी गोळी दिली, मेटफॉर्मिन, दोन्ही वेळा जेवण झाल्यावर. पोट थोडे दिवस बिघडेल, मग बसेल, घाबरून सोडू नका, असंही बजावलं. पोट बिघडलं. तोंडात सतत तांब्याची मोड चघळल्यासारखी चव, आणि अंबरनाथला मामेबहिणीच्या नातवाच्या बारशात तर पाळण्याची दोरी हातात असताना उठून जावं लागलं, एकदा नाही, पुनःपुन्हा. त्या घराच्या फिनेलचा वास तिला अजून येतो. परत आल्यावर शशिकांतने जेवणाच्या टेबलावर डब्याचं झाकण उलटं ठेवलं आणि त्यात दोघांच्या गोळ्या शेजारी शेजारी मांडल्या. "ही बघ तुझी. म्हशीला द्यावी एवढी. दोनदा घ्यायची, वर हगवण लावते, आणि एवढं करून नळी काय? पिवळी. आता ही माझी. दिसते तरी का? सकाळी एक. नळी निळीशार." त्याने झाकण तिच्याकडे सरकवलं. "आजार एक, घर एक. मग औषधं दोन कशाला?" वृंदाला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. कोणीतरी आपल्या पोटाचा विचार केला असं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात तिचीही नळी निळी झाली आणि शशिकांतने इमारतभर सांगितलं, जणू तिच्या पोटातून त्यानेच हाताने साखर उपसली होती. सकाळची कामं उरकत आली की वृंदाला मात्र काहीतरी व्हायचं. छातीत पोकळ. मानेवर गार घाम. हाताला सूक्ष्म कंप, चहाची कपबशी किणकिणायची. आणि भूक, अशी भूक की ओट्याशी उभ्याउभ्या गुळाचा खडा तोंडात टाकावा लागे, चोरासारखा, कोणी आलं तर गालात दडवून. साखर झालेल्या बाईने गूळ चोरून खावा, याची तिला लाज वाटायची. शशिकांतला एकदा सांगितलं तर तो वर्तमानपत्रातून म्हणाला, "वय असतं ते बायकांचं."

अष्टमीला नीलिमाच्या घरी महालक्ष्मी होती. नव्या सुनेचं पूजेचं वर्ष, म्हणून सगळा घाट मोठा: तांदळाच्या उकडीचा मुखवटा, नऊवारी नेसवलेली उभी देवी, संध्याकाळी घागरी. त्या दिवशी सकाळी शशिकांतने गोळी देताना अर्धी आणखी मोडून दिली. "आज उपास. साबुदाणा, रताळी, सगळा पिठूळ प्रकार. वर जाणार साखर. आधीच बंदोबस्त केलेला बरा." आणि तो डबा घेऊन गेल्यावर बनूवन्सं स्वयंपाकघरात आल्या. शशिकांतच्या थोरल्या बहीण, पाठीमागे कोणी नाही म्हणून भावाकडे राहणाऱ्या, कडक पण मायाळू, आणि मायेचा कडकपणा असा की सुटायला वाट नाही. "वृंदा, साबुदाण्याला हात लावायचा नाही हं. साखरवाल्यांना विष ते. रताळंही नाही. ताक घे, पोट भरतं." भावाने खाणार म्हणून गोळी वाढवली, बहिणीने साखर आहे म्हणून खाणं काढून घेतलं. दोघांनीही तिच्या भल्यासाठी. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर? पण तिने तरी कुठे सांगितलं? दोघांपुढे मान हलवली, आणि ताक प्यायली. आता आठवून तिच्या दातांवर दात बसतात. संध्याकाळी नीलिमाच्या हॉलमध्ये उदाचा धूर दाटला होता. बायका ओळीने घागरीत फुंकर घालत घुमत होत्या, घागरीच्या पोटातून तो खोल हुंकार निघत होता, आणि वृंदाच्या हातात घागर आली तेव्हा तिची बोटं आधीच थरथरत होती. फुंकर घातली. आणखी घातली. देवीपुढे पेढ्यांचं ताट होतं. ते ताट तेवढं तिला दिसत होतं, बाकी सगळं कडेने विरत चाललं होतं. तिने घागर खाली ठेवून हात पुढे केला, पेढा बोटांना लागलासुद्धा, आणि वन्संनी तिचं मनगट धरलं. "अगं, काय करतेस? तुला साखर आहे ना!" बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, लहान मुलासारखं करतात बाई ह्या. ताट मागे सरकलं. त्यानंतर तिला फक्त तुकडे आठवतात: स्वतःचं डोकं डोलतंय, जिभेला आपले शब्द सापडत नाहीत, कोणाला तरी आपण "दे, दे" म्हणतोय, केस सुटलेत, पातळ घामाने अंगाला चिकटलंय. मग एकदम शांतता, आणि नीलिमाचा आवाज, "आली! आई आली!" कपाळावर कुंकवाचा थापा. बायका पायांवर. कोणी विचारतंय, बदली होईल का. कोणी विचारतंय, दिवस राहतील का. आणि मग वन्संचाच आवाज, भक्तीने कापरा, "आईला नैवेद्य दाखवा! पंचामृत आणा!" वाटी तोंडाला लागली. दूध, दही, मध, साखर, तूप. ती प्यायली, हपापून, हनुवटीवरून ओघळू देत. दुसरी वाटी. थोड्या वेळाने धुराच्या आतून हॉल परत आला, पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर, नीलिमाचं तोंड. "शांत झाली आई," सगळ्या म्हणाल्या. वृंदाला पेढा चालत नव्हता. देवीला चालत होता.

हेच वाक्य ती दुधी न घेता घरी आली तेव्हा तिच्या डोक्यात ठोके देत होतं. आपण मेलो असतो, ती स्वतःशी म्हणाली, आणि त्यांनी आरती केली असती. शशिकांत रात्री नीलिमाकडे तिला न्यायला आला होता तेव्हाचा त्याचा चेहरा तिने नीट पाहिला होता. घागरी फुंकण्याला जन्मभर 'फुप्फुसांचा व्यायाम' म्हणणारा हा माणूस. त्याने आधी तिच्या मानेवरचा घाम पाहिला. मग हात हातात घेऊन पाहिला, गार पडलेला. तपासणी खात्याचा डोळा तो, त्याच्यातून काही सुटत नाही. क्षणभर त्याच्या नजरेत काहीतरी हललं आणि तिथेच थिजलं. आणि मग तो सगळ्या बायकांदेखत गंभीरपणे म्हणाला, "असतं. विज्ञानाच्या पलीकडेही काही असतं." त्या एका वाक्यात वृंदाला सगळं कळलं. देवी नसेल तर गोळी आहे. आणि गोळी असेल तर दीड गोळी देणारा हात आहे. देवी असली की कोणाचाच हात नाही.

सोमवारी ती एकटीच उल्हासनगरला गेली. कुठे जाते हे कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही, देवी अंगात आलेल्या बाईला कुठे निघालात असं विचारत नाहीत, तेवढा एक फायदा. डॉक्टर लालवानींनी सगळं ऐकलं. जन्म उल्हासनगरचा, त्यामुळे त्यांचं मराठी हिंदीच्या हातात हात घालून चालायचं. "किसने बदली गोली?" "मिस्टरांनी." "मिस्टर डॉक्टर आहेत?" "नाही. इन्स्पेक्शनला आहेत." डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बघा बाई. तुमची मोठी गोळी स्वभावाने गरीब आहे. पेट को परेशान करती है, मान्य. पण उपाशी माणसाला ती एकटी सहसा पाडत नाही. ती फक्त जास्तीची साखर आवरते. मिस्टरांची छोटी गोळी हुकमाची आहे. आत जाऊन स्वादुपिंडाला सांगते, निकालो इन्सुलिन. तुम्ही जेवलात की नाही, ती विचारत नाही. आणि अंगात लवकर संपतही नाही." वृंदाने विचारलं, मग ह्यांना कशी चालते? "जेवतात ना वेळेवर?" वृंदा मनात मोजायला लागली. जेवतात. सकाळी गोळीपाठोपाठ पोहे किंवा पोळी, दुपारच्या भोंग्याला डबा उघडायचा, घरी आल्या आल्या खाणं, आठाच्या ठोक्याला ताट. पोहे तिचे, डबा तिचा, ताट तिचं. इतकी वर्षं ती नळी निळी राखत होती कोण? "पण नळी तर निळीच होती, डॉक्टर. माझीपण." डॉक्टरीणबाई हसल्या, पण हसण्यात मजा नव्हती. "निळ्याच्या खाली रंग नाही, बाई. नॉर्मल असली तरी निळी, आणि मरायला टेकली तरी निळी. साखर कमी झाली तर नळी काही बोलतच नाही." खाली मशीनं धडधडत होती. टेबल थरथरत होतं. छोटी गोळी वाईट नाही, त्या पुढे म्हणाल्या, कितीतरी पेशंटना मीच देते. पण ज्याची त्याला, बघून, सांगून, पोटात अन्न ठेवून. मोठी गोळी त्यांनी परत सुरू केली, अर्धीपासून, घास पोटात गेल्यावर. वृंदा जिना उतरली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि ते रडणं नव्हतं. निळ्याच्या खाली रंग नाही. ती तिथे होती सगळा वेळ, निळ्याच्या खाली, आणि वर उजेडात नळी धरून तिचा नवरा म्हणत होता, वा.

तिला एकच गोष्ट हवी होती. त्याने बोलावं. चारचौघांत, ज्या बायकांदेखत तो विज्ञानाच्या पलीकडे गेला होता त्यांच्याचदेखत म्हणावं, की ती देवी नव्हती, मी दिलेली गोळी होती. क्षमा नको, रडणं नको. नुसतं सांगावं. कारण सांगितलं नाही तर लोक तेच करत राहतील. संध्याकाळी तिने त्याला डॉक्टरांचं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. तो ऐकत होता आणि बाटल्या पुसत होता. "ती बाई आपली गोळी खपवणारच," तो म्हणाला. "आणि मला बरी सोसते मग?" "तुम्हाला सोसते, कारण मी तुम्हाला वेळेवर जेवायला घालते." त्याने फडकं झटकलं. "म्हणजे देवी खोटी? एवढ्या बायका खोट्या?" "देवीचं देवीला माहीत. मी उपाशी होते." "आवाज खाली ठेव. ताई ऐकतेय." ताई ऐकत होती, पण तिच्यापर्यंत वेगळंच पोचत होतं. वन्संनी अष्टमीपासून जणू देवीची मुखत्यारी घेतली होती. कोण कधी येणार, कोणाला आधी सोडायचं, वृंदाने केस कधी सोडायचे, सगळं त्यांच्या हाती. येत्या शुक्रवारी दुपारी घरीच आरती, असं त्यांनी परस्पर सांगूनही टाकलं होतं. एरवी ह्या घरात त्यांना कोण विचारायचं? वृंदाला त्यांच्यावर रागावताना मधेच कणव यायची, आणि मग कणवेचाच राग यायचा. त्यातच बुधवारी शशिकांतने ताईची नळी तपासली, हल्ली तिला तहान फार लागते म्हणून. पिवळी. आणि गुरुवारी सकाळी त्याच पाकिटातून त्याने तिलाही एक गोळी काढून दिली. वृंदाच्या डोळ्यांदेखत. "अहो, निदान दाखवा तरी त्यांना कोणाला!" "एकीला चढली म्हणून सगळ्यांना चढते का? ताईचं शरीर दणकट आहे." वन्संनी गोळी तळहातावर घेऊन कौतुकाने पाहिली. "भाऊबीजेआधीच ओवाळणी घातली रे शशीने!" आणि पाण्याबरोबर गिळून टाकली.

शुक्रवारी सकाळी वृंदाने वन्संना बजावलं, हात धरून बजावलं, की गोळी घेतलीत तर उपास करू नका, नाहीतर उपास करा आणि गोळी ठेवून द्या. वन्संनी तिच्या गालाला हात लावला. "तू तुझ्या आईचं बघ. आम्ही साधी माणसं, आम्हाला काय होतंय?" त्यांनी दोन्ही केलं. दुपारी घर बायकांनी भरलं, चपलांचा ढीग जिन्यावर गेला. शशिकांतने अर्धी रजा टाकली होती. तो दाराशी उभा राहून येणाऱ्यांना 'या, या' करत होता. वृंदा पाटावर बसली होती. तिने केस घट्ट बांधले होते आणि सकाळी पोटभर भाकरी खाऊन आपली मोठी गोळी घेतली होती. आरती संपली की सांगायचं, तिने ठरवलं होतं, ह्यांनी नाही सांगितलं तर मीच. वन्सं आरतीचं ताट घेऊन उभ्या राहिल्या आणि वृंदाला त्यांचा वरचा ओठ दिसला. ओठावर घामाचे बारीक मणी होते. पंखा थेट डोक्यावर चालू होता. ताटातली घंटा आपोआप किणकिणत होती. वन्संनी एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली, मग तिसरीच काहीतरी बरळल्या आणि ताट कलंडलं. नीलिमाने वरच्यावर झेललं. "अगंबाई! बनूताईंच्याही!" बायका सरकून गोल झाल्या. कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. वन्सं भिंतीला टेकून खाली घसरत होत्या, डोळे उघडे, आत कोणी नाही. वृंदाने मान वळवून शशिकांतकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. तिला शपथेवर सांगता आलं असतं की त्याला कळलं होतं, तोच डोळा, तीच हलून थिजलेली नजर. ती थांबली. आयुष्यात कोणासाठी थांबली नसेल इतकी त्या एका श्वासात ती त्याच्यासाठी थांबली. बोला. तुमची बहीण आहे. बोला हो. शशिकांतने हात जोडले.

मग वृंदा उठली. पाट मागे उलटला. "साखर आणा! पाण्यात कालवून!" नीलिमा म्हणाली, "अहो पण त्यांना साखर आहे ना, कशी द्यायची..." "आण म्हणते ना!" हा आवाज कुठून आला ते तिला कळलं नाही; खिडकीची तावदानं वाजली असं नंतर सगळ्या सांगत होत्या. "त्या उपाशी आहेत! गोळी खाऊन उपाशी आहेत! कसली देवी, अष्टमीला मीपण उपाशीच होते, तुम्ही माझ्या हातातला पेढा काढून घेतलात आणि पाया पडलात! ह्यांची गोळी होती ती! ह्यांना विचारा, तिथे हात जोडून उभे आहेत त्यांना!" आणि मग समोरची बाई गुडघ्यांवर बसली. तिच्यामागची बसली. "आई कोपली," कोणीतरी पुटपुटलं. "लवकर, साखर आणा, आईची आज्ञा आहे." चार जणी स्वयंपाकघरात धावल्या. मी वृंदा बोलतेय, असं ओरडावंसं तिला वाटलं, आणि तिने ते गिळलं, कारण साखर येत होती. वन्संचं डोकं मांडीवर घेऊन ती त्यांना बसती करत घोट घोट पाजत राहिली, गळा चोळत, गिळा, वन्सं, गिळा, असं म्हणत. साखरेचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मागे बायका जप करत होत्या. तिला वाटलं, ह्यातली एकही माझ्यासाठी ह्या खोलीतून त्या खोलीत गेली नसती.

बऱ्याच वेळाने वन्संच्या डोळ्यांत कोणीतरी परत आलं. त्यांनी छताकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, पदर ओढून घेतला, आणि बारीक आवाजात विचारलं, "वृंदा, मला काय झालं गं?" आई नाही, देवी नाही. वृंदा. तिने त्यांच्या कपाळावरचे चिकट केस मागे सारले. "गोळी घेतलीत आणि जेवला नाहीत, वन्सं." वन्संनी पदराने तोंड पुसलं. "मग तुलाही त्या दिवशी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. स्वतःच्या हाताकडे पाहिलं, त्या मनगट धरणाऱ्या हाताकडे, आणि मग मान उचलून दाराकडे. "शशी," त्या म्हणाल्या, "तुला माहीत होतं?" शशिकांतचे जोडलेले हात खाली आले. "त्यांना आत्ता भात घालायचा आणि लगेच उल्हासनगरला न्यायचं," वृंदा म्हणाली. "ही गोळी लवकर संपत नाही. पुन्हा खाली नेईल. रिक्षा आणा." तो गेला, जवळजवळ पळतच, कोणाच्या तरी चपला घालून. वृंदाला वाटलं होतं, एवढं झाल्यावर राग सुटेल, गाठ सुटते तसा. तो जागचा हलला नव्हता. उलट आता तो नीट बसला होता, स्वतःच्या घरात बसावं तसा. पुढे गुडघ्यांवर बसलेली एक तरुण मुलगी हात जोडून कुजबुजली, "आई, माझ्या भावाच्या नोकरीचं..." "मला नाही माहीत," वृंदा म्हणाली. "तू जेवलीस का?" मुलगी गोंधळली. "नाही, आज शुक्रवार..." "अजून कोण कोण उपाशी आहे?" हात वर झाले, एकेक करत, जवळजवळ सगळेच. "आणि त्यातल्या कोणी ह्यांच्याकडची गोळी घेतलीय?" हात खाली यायला लागले. सगळे आले नाहीत. नीलिमाचा वरच राहिला, कोपरात थोडा वाकलेला, शाळेत उत्तर चुकेल या भीतीने धरतात तसा. तिच्यामागे खिडकीपाशी आणखी एक. आणि जिन्यावर चपलांच्या ढिगाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा. शशिकांत धापा टाकत दारात आला, म्हणाला, "रिक्षा आलीय," आणि ते हात पाहून तिथेच उभा राहिला.

"एका रिक्षात मावायच्या नाहीत," वृंदा म्हणाली. "अजून बोलवा."